बाजूला कोणीतरी बसलेलं हवंय

एका आईचं पत्र आलं आहे. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. गावाचं नाव त्यात नाही. मुद्द्याचा भाग थोडा आखडून देते:

“आम्ही ख्रिस्ती आहोत. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, धाकटी ३ वर्षांची. चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि मुलांना घरीच शिकवायला घेतलं. त्यांची मनं प्रभूच्या वचनात घडावीत, एवढीच इच्छा होती. चर्चच्या मंडळीसमोर उभी राहून तसा नवसही बोलले. रोज सकाळी ७ वाजता प्रार्थना, मग वचनपाठ, मग लगेच गणित. गणितापर्यंत माझा आवाज चढलेला असतो. मुलगा अजून अडखळत वाचतो. शब्दाचं पहिलं अक्षर बघतो आणि पुढचं ठोकून देतो. आळस केला की त्याला मी शास्त्रातलं वचन २० वेळा लिहायला लावते. मागच्या महिन्यात मुलीच्या उशीखाली तिची वही सापडली. त्यात लिहिलं होतं, ‘आमेन म्हटल्यावर आई ५ मिनिटांत ओरडते. मी घड्याळ लावून बघितलं.’ वही मी परत ठेवून दिली. त्याच आठवड्यात ती म्हणाली, मला शाळेत जायचंय. पहिला नंबर काढायचाय वाटतं, असं मी हसण्यावारी नेलं. तर म्हणाली, ‘नंबर नको. मला फक्त बाजूला कोणीतरी बसलेलं हवंय.’ नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. सासूबाई म्हणतात, आम्ही आधीच सांगितलं होतं. मंडळीतल्या बायका आता माझ्याशी मोजकंच बोलतात. तिला शाळेत घातलं, तर देवाला दिलेला शब्द मोडला असं होईल का?”

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

‘मी घड्याळ लावून बघितलं’ हे वाक्य वाचून मी आधी मोठ्याने हसले. मग चष्मा काढून पुसावा लागला. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल, म्हणून सांगते. निरीक्षण, मोजमाप, नोंद, आणि निष्कर्ष एका ओळीत. पोरीने विज्ञानाचा अख्खा पाठ तुमच्यावरच करून दाखवलाय. चार वर्षांत तुम्ही काहीच शिकवलं नाही असं जे तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिलंय, ते खोडून टाका.

आता नवसाचं. बाकी सगळं तिथेच अडलंय.

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय तुम्हाला माहीत असणार, पण मुलांना वाचून दाखवताना आपण सगळेच तो गाळतो. इफ्ताह नावाचा सरदार अम्मोनी लोकांशी लढायला निघतो आणि नवस बोलतो: जिंकून परत आलो, तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते देवाचं. परत आला तर दारातून कोण आली? त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत, नाचत. त्याने कपडे फाडले आणि तिला काय म्हणाला ते पाहा. तू मला पार खचवलंस, म्हणाला. नवस बोलला कोण, खचवलं कोणी! मंडळीत या अध्यायावर प्रवचन मी क्वचितच ऐकलंय, आणि जे ऐकलं त्यात बापाच्या शब्दाला जागण्याचंच कौतुक होतं. मला तो अध्याय वाचताना नेहमी वाटतं की या माणसाला लेवीय पुस्तकाचा २७ वा अध्याय कोणीतरी दाखवायला हवा होता. माणसाबद्दल बोललेला नवस मोल भरून सोडवून घ्यायची सोय तिथे आहे, वयाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. ज्याला परवडत नाही त्याचं मोल याजकाने, म्हणजे पुरोहिताने, कमी करून ठरवावं, हेही आहे. म्हणजे बोललेल्या शब्दाखाली माणूस चिरडू नये, याची काळजी नियमशास्त्रालाही होती.

तुमचा नवस तेवढा भयंकर नाही, हे मला कळतं. पण तोंड तुमचं आणि मोल मुलीचं, एवढं साम्य आहे. आणि तुम्ही नक्की काय बोलला होतात, ते स्वतःच लिहिलंय: मुलांची मनं वचनात घडावीत. हा झाला नवस. घरी शिकवणं हे त्यासाठी त्या वेळी निवडलेलं साधन. त्या वेळी तुमची मुलगी आठ वर्षांची होती, धाकटी जन्मायची होती, आणि बहुधा तुम्हाला रात्रीची झोप मिळत होती. साधन बदललं म्हणजे नवस मोडला असं होत नाही. तुम्हाला तरीही टोचत असेल, तर ज्या मंडळीसमोर उभ्या राहिलात तिथेच पुन्हा उभं राहून दोन वाक्यं सांगा. किंवा नुसतं पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, बोला. लपवून मात्र काही करू नका. लपवलं की मुलीला वाटेल, तिचं शाळेत जाणं ही लाजेची गोष्ट आहे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली ती आज्ञा घरी शिकवणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती घरात भिंतीवर लावलेली असते. तुमच्याकडेही असेल. ती सावकाश वाचून पाहा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना या गोष्टी मुलांशी बोलत जा, असं तिथे आहे. त्यात टेबल नाही, वेळापत्रक नाही. शाळेत जाणाऱ्या मुलालाही बसणं, चालणं, निजणं, उठणं चुकत नाही. ती आज्ञा घरी शिकवणाऱ्यांना जेवढी लागू आहे, तेवढीच तुमच्याशी मोजकं बोलणाऱ्या त्या बायकांनाही लागू आहे.

त्या बायकांचं इथेच संपवते. तुम्ही मुलांना घरी ठेवलंत, तेव्हा त्यांना त्यात स्वतःवरचा ठपका दिसला असणार: आम्ही मुलांना जगाच्या हवाली केलं, असं ही म्हणते. तुम्ही तसं म्हणाला नसाल. किंवा मंडळीत साक्ष देताना, विश्वासाचा अनुभव सांगताना, जरा म्हणालाही असाल, आठवून पाहा. उद्या मुलगी शाळेत गेली की त्यातल्या दोघी-तिघी ‘आलीस का ताळ्यावर’ अशा नजरेने बघतील. बघू देत. त्यांच्यातलीच कोणीतरी पहिल्या दिवशी तुमच्या मुलीला शाळेचा रस्ता दाखवेल, हेही तितकंच खरं.

आता मुलीचं. ती १२ वर्षांची आहे. येशू १२ वर्षांचा असताना काय झालं ते लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलंय. सण आटपून सगळे घरी निघाले आणि हा मंदिरात मागे राहिला. आईबापांना वाटलं, असेल सोबतच्या लोकांत. एक दिवसाची वाट चालल्यावर पत्ता लागला की तो नाही. तीन दिवसांनी सापडला तो गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. मरियेने त्याला रागावून विचारलं, आणि त्याने उलट प्रश्न केला. तो तिला समजला नाही, असंही लूक स्पष्ट लिहितो. मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त धीर कशाचा येतो सांगू? घरात इतकी वर्षं वाढवलेल्या मुलाचं बोलणं मरियेलाही कळलं नव्हतं. तिने ते मनात ठेवलं. तिथेच त्याचा अर्थ लावून निकाल दिला नाही.

तुम्हीही लगेच निकाल देऊ नका. तिला काय हवंय ते आधी नीट कळू द्या. मैत्रिणी हव्या आहेत? तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाने शिकवलेलं हवंय? की तुमच्या आवाजापासून सुटका हवी आहे? हे समोरासमोर बसवून विचारलंत तर ती तुम्हाला आवडेल तेच उत्तर देईल. इतक्या वर्षांत ती तुमची परीक्षा द्यायला शिकलेली आहे. तिच्यासोबत चालायला जा. दोघीच. पुढे बघत चालताना मुलं जे बोलतात ते डोळ्यांत बघून बोलत नाहीत.

सुझाना वेस्लीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इंग्लंडातल्या एपवर्थ गावच्या पाळकाची बायको, जॉन आणि चार्ल्स वेस्ली या धर्मोपदेशक भावांची आई. १९ मुलं झाली, त्यातली ९ तान्हेपणीच गेली. बाकीच्यांना तिने घरी शिकवलं, रोज सहा तास. घरी शिकवणाऱ्या आयांना तिची शिस्त आदर्श म्हणून सांगितली जाते. पाच वर्षं पूर्ण झाली की मूल एका दिवसात मुळाक्षरं शिकायचं, वगैरे. ती शिस्त आज वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, खरं सांगते. पण तिने आणखी एक गोष्ट केली होती. आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. त्या वेळी धडे नाहीत, फक्त त्या मुलाशी बोलणं. जॉनचा वार गुरुवार. मोठा झाल्यावर, ऑक्सफर्डमध्ये शिकवत असताना, त्याने आईला लिहिलं की गुरुवारची ती थोडीशी वेळ मला अजूनही दे. ज्या मुलाला रोज सहा तास आई शिकवत होती, त्याला मोठेपणी हवा होता तो एक तास. तुमच्या मुलीला बाजूला कोणीतरी हवंय. आठवड्यातली एक संध्याकाळ ते कोणीतरी तुम्ही व्हा. पेन्सिल न घेता.

आणि तरीही ती शाळेत जायचंच म्हणाली, तर? मी तुमच्या जागी असते तर पाठवलं असतं. मी २६ वर्षं शाळेत शिकवलंय, तेव्हा शाळेची बाजू घेते असं वाटेल. तसं नाही. शाळेत काय काय चालतं, कोणती मुलं मागच्या बाकावर हरवून जातात, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण १२ वर्षांच्या मुलीने रडारड न करता, धमकी न देता, एका वाक्यात नेमकं कारण सांगितलं. एवढं स्वच्छ मागणं मी मोठ्या माणसांकडूनही फार ऐकलेलं नाही. ते ऐकून घेतलं गेलं, ही आठवण पुढे तिला फार दिवस पुरेल. एका वर्षासाठी पाठवा. वर्ष संपताना तिघांनी, म्हणजे ती, तुम्ही आणि तिचे वडील, बसून पुन्हा ठरवा. मुलाचं आणि धाकटीचं वेगळं ठरवा. सगळी मुलं घरी नाहीतर सगळी शाळेत, असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

फक्त एक इशारा. तिला सुटका तुमच्या आवाजापासून हवी असेल, तर शाळा त्यावरचं औषध नाही. संध्याकाळी ती घरीच येणार आहे.

तुम्ही कोणत्या देशात राहता ते पत्रात नाही, म्हणून कायद्याचं थोडं. देशोदेशी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीत मुलाने शाळेत जाणं सक्तीचं आहे. तिथल्या एका कुटुंबाचं प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१९ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा शिक्षण कायदा मुलाला योग्य शिक्षण मिळण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकतो, शाळेतून किंवा अन्य मार्गाने. अमेरिकेत ५० च्या ५० राज्यांत घरी शिकवायला मुभा आहे, पण टेक्सासमध्ये जवळजवळ काहीच कळवावं लागत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. भारतात २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो, घरच्या शिक्षणाबद्दल वेगळं काही सांगत नाही. घरी शिकलेली पुष्कळ मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे दहावी-बारावीला बसतात, आणि त्या संस्थेच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. तुम्ही जिथे असाल तिथला नियम तिथल्या शिक्षण कार्यालयात जाऊन लेखी घ्या. मधल्या इयत्तेत प्रवेश देताना शाळा बहुधा वय बघतात आणि एखादी चाचणी घेतात. चार वर्षांच्या वह्या टाकल्या नसतील तर आता नीट लावून ठेवा. उपयोगी पडतील.

आता मुलगा. हे मला सगळ्यांत निकडीचं वाटतं, आणि तुम्ही पत्रात ते जाता जाता लिहिलंय.

८ वर्षांचा मुलगा, चार वर्षं आई रोज समोर बसून शिकवते, तरी शब्दाचं पहिलं अक्षर बघून उरलेला अंदाजाने म्हणतो. बोलण्यात कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. गोष्ट ऐकून नीट सांगत असेल, तोंडी हिशेब करत असेल आणि फक्त कागदावर आला की बुजत असेल, तर त्याला आळस म्हणू नका. आधी डोळे तपासा. मग कान. मग मुलांच्या वाचन-अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून डिसलेक्सियाची तपासणी करून घ्या. डिसलेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि अक्षरांशी जोडणं या मुलांना जड जातं, आणि त्यासाठी पायरीपायरीने शिकवायची वेगळी पद्धत असते. जितक्या लवकर कळेल तितकं बरं. वर्गात ४० मुलांमध्ये असा एखादा मुलगा आम्हा शिक्षकांना निदान वेगळा दिसतो. घरी तुलनेला कोणीच नसतं, म्हणून आईला तो फक्त हट्टी वाटतो. घरी शिकवण्यातली ही खरी उणीव आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच.

आणि त्याला वचन २० वेळा लिहायला लावणं आजपासून बंद. ज्याला वाचणंच जड जातं त्याला लिहिण्याची शिक्षा, आणि तीही देवाच्या वचनाची. मी हे कडक शब्दांत लिहितेय, कारण ती शिक्षा मी स्वतः भोगलेली आहे. आमच्या घरी उलट उत्तर दिलं की बायबलमधल्या ११९ व्या स्तोत्रातलं एक कडवं लिहायचं, जेवणाआधी. हे सगळ्यांत मोठं स्तोत्र, १७६ वचनं. आठ-आठ वचनांची २२ कडवी, आणि मूळ हिब्रूत एकेका कडव्यातलं प्रत्येक वचन एकाच अक्षराने सुरू होतं, मुळाक्षरांच्या क्रमाने. म्हणजे ज्याने कोणी ते रचलं त्याने देवाच्या नियमशास्त्रावरच्या प्रेमापोटी अक्षरओळखीचा खेळ मांडला होता. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. तोवर ते स्तोत्र उघडलं की माझी उजवी बोटं दुखायची. माझे वडील फार भले होते, आणि त्यांचा हेतू तुमच्यासारखाच चांगला होता.

आता त्या पाच मिनिटांकडे येऊ. प्रार्थना आणि गणित यांची जी गाठ तुम्ही मारली आहे, ती सोडवा. प्रार्थना संपली की लगेच ज्याची भीती वाटते ते समोर येतं, हे मुलांच्या मनात पक्कं बसलंय. आमेन हा शब्द त्यांच्यासाठी घंटा झालाय. प्रार्थना रात्री ठेवा, अंथरुणात, दिवा मालवायच्या आधी, पाच-सात मिनिटं. त्यात दिवसभराच्या चुकांची उजळणी नको. काही घरांत मी ऐकलंय, आई डोळे मिटून देवाला सांगते की प्रभू, याला खोटं न बोलण्याची बुद्धी दे, आणि शेजारी तो बसलेला असतो. ती प्रार्थना देवासाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त असते. मुलाला ते बरोबर कळतं. देवाला तर कळतंच.

सकाळ मुलाच्या आवडीच्या कामाने सुरू करा. गणित नंतर, आणि थोडंच. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज बाईंनी (१८४२–१९२३) शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की लहान मुलांचा धडा १५-२० मिनिटांपलीकडे ताणू नये. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, आणि पाठांतरापेक्षा त्यांचा भर ‘परत सांगण्यावर’ होता. एकदाच वाचून दाखवायचं, आणि मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही. वाचायला अडखळणाऱ्या मुलासाठी तर हे वरदान आहे. शास्त्रपाठही असाच करून बघा. दाविदाची गोष्ट तो त्याच्या भाषेत सांगेल, दोन गोष्टी चुकवेल, एखादी भर घालेल. चालू द्या.

तुमच्या यजमानांबद्दल. ‘तुझं तू ठरव’ हे वाक्य ऐकायला उदार वाटतं. मुलांना चीड आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, असं बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्रात सहाव्या अध्यायात आहे, आणि ते आयांना उद्देशून लिहिलेलं नाही. पौल तिथे ‘बापांनो’ म्हणतो. हा भाग त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, रागाने नको, जेवताना सहज. मग एक विषय त्यांच्याकडे द्या. मी म्हणेन गणितच. रात्री २० मिनिटं, तेही रोज नको. शिवाय आठवड्यातला एक अर्धा दिवस घर आणि तिन्ही मुलं पूर्णपणे त्यांच्याकडे. शब्बाथाच्या आज्ञेत विसावा कोणाकोणाला द्यायचा त्याची यादी आहे: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दाराशी आलेला परका. बायको त्या यादीत वेगळी नाही. आमच्या मंडळीतल्या एक आजी म्हणायच्या, लिहिणारा पुरुष होता, त्याला वाटलं ही कशी थांबेल. शास्त्री लोक सांगतात की ‘तू’मध्ये तीही आली. आली असेल, तर तिला अर्धा दिवस द्या.

सासूबाईंचं एका ओळीत: पौल आपला शिष्य तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा आधी त्याची आजी लोईस हिचं नाव घेतो, मग आई युनीके हिचं. धाकटीला रोज तासभर आजीकडे सोपवा. ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ म्हणणाऱ्या माणसाला काम दिलं की ते वाक्य हळूहळू कमी ऐकू येतं.

शेवटच्या पानावर तुम्ही विचारलंय की घरी शिकवलेलं फुकट जातं का. पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, आधी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा विरोध सोसला, आणि मग त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवलं. तीर्थयात्रा करत, मुक्काम बदलत. पुढे त्याच मुलीने ख्रिस्ती झाल्यावर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून झालं. पाया आईने घातलेला होता. पण १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी काय उघडलं? शारदा सदन, म्हणजे शाळा. आणि स्वतःच्या मुलीला, मनोरमेला, त्यांनी शिकायला परदेशातल्या शाळेत धाडलं. आईकडून शिकून एवढ्या झालेल्या बाईला शाळा परकी वाटली नाही, आणि शाळा काढल्यावर आईचं शिकवणं कमी वाटलं नाही. तुम्ही या दोन गोष्टी एकमेकींसमोर वैरिणींसारख्या उभ्या केल्या आहेत. त्या तशा नाहीत.

एक राहिलं. ती वही. तुम्ही ती तिला न विचारता वाचलीत आणि गुपचूप परत ठेवलीत. चुकून वाचलीत हे मला पत्रातून कळतं, पण तिला अजून कळलेलं नाही. ज्या मुलीने घड्याळ लावून तुमची पाच मिनिटं मोजली, तिला वही दोन बोटं सरकलेलीही दिसली असेल. शाळेचं बोलण्याआधी हे बोला. वही वाचली, ते माझं चुकलं. आणि त्यात जे लिहिलंय ते बरोबर आहे. एवढंच. पुढे ‘पण तू सुद्धा’ नको, वचन नको, लगेच प्रार्थनाही नको. ती काही बोलली तर ऐका, गप्प बसली तर बाजूला बसा.

आज रात्रीच सांगा. उद्या सकाळचे ७ वाजायच्या आत.